फोटोला आलेली उत्तरं

फोटोंसोबत वाचकांना नियमित पत्र पाठवण्याबद्दल एक लेख वाचला. अशा पत्रांचं खरं फळ म्हणजे वाढत जाणारी वाचकसंख्या, असं त्यात म्हटलंय. मला हे पटलं नाही. मी परभणीहून दर महिन्याला एक फोटो आणि पानभर मजकूर ईमेलने पाठवते. वाचक मोजकेच, बरेचसे मराठवाड्यातून पुण्या-मुंबईला गेलेले.

मागे परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या चक्राकार बारवेचा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीचा, फोटो पाठवला होता. पायऱ्या गोल फिरत खाली उतरतात. ऊन डोक्यावर आलं की त्यांचे थर वेगवेगळे उठून दिसतात, एवढंच लिहिलं होतं. त्यावर एका काकूंचं लांबलचक उत्तर आलं. १९७२ च्या दुष्काळात त्या लहान होत्या. त्यांच्या गावच्या बारवेत पोरं तळापर्यंत उतरायची, वाटीवाटीने पाणी गोळा करायची. एक कळशी भरायला अख्खी सकाळ जायची. ते वाचल्यापासून कुठल्याही बारवेत माझा कॅमेरा आधी झिजलेल्या पायरीकडे वळतो, नक्षीकडे नंतर.

आणि लिहायचं असतं म्हणून विचारपूस होते. नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधब्याचे फोटो सगळेच काढतात (पावसाळ्यात तिथं उभं राहायला जागा नसते). पण किल्ल्यातला पाणी महाल बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातच बांधलाय, हे मजकुरासाठी पुन्हा गेले तेव्हा नीट पाहिलं.

लेखातला ‘मजकूर कमी, फोटो जास्त’ हा सल्ला नव्यांनी कृपया मानू नये. फोटो एकच द्या, पण तो कुठल्या वेळी, कुणाच्या बांधावरून काढला ते सविस्तर लिहा. मला तरी उत्तरं त्यावरच येतात.