वीस मुलं नाहीत म्हणून गणित नाही

आज अर्धी रजा टाकून भाचीबरोबर तिच्या कॉलेजात गेलो होतो. दुसऱ्या वर्षाला मायनर, म्हणजे मुख्य विषयाच्या (मेजरच्या) जोडीचा दुय्यम विषय, कुठला घ्यायचा, त्याचा फॉर्म भरायला. (आमच्या आईला सकाळी वाटलं पोरीचं ऑपरेशन आहे. 'मायनर आहे गं, घाबरू नको' एवढंच तिच्या कानावर पडलेलं.) मेजर अर्थशास्त्र, मायनर गणित, हे तिचं फेब्रुवारीपासून पक्कं होतं. खिडकीतल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "मॅथ्सची बॅच होत नाही यंदा. वीस तरी लागतात, चारच नावं आलीत. कॉम्प्युटर टाका, सगळे तेच घेतायत." आणि फॉर्म परत देताना कॉम्प्युटरसमोर स्वतःच्याच पेनाने टिक करून मोकळा झाला!

चार नावं. अहो, आम्ही सहा होतो.

साल 1997, तालुक्याचं कॉलेज. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला केमिस्ट्रीबरोबर गणित ठेवणारे सहा जण. तेव्हा त्याला मायनर वगैरे कोणी म्हणत नसे, ठेवलेला विषय एवढंच. टाइमटेबलात आमच्यासाठी खोली शिल्लक नव्हती. सर म्हणाले, सकाळी सातला या. जिमखान्यामागची खोली, भिंतीला टेकवलेले कॅरम बोर्ड आणि खालचा कोपरा फुटलेला फळा. सर मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-रकान्यांत मांडलेले आकडे, कायम वर डावीकडे कोंबून लिहायचे आणि शेवटची ओळ मावली नाही की तोंडी सांगायचे. ती ओळ आम्ही डोक्यात धरून गणित सोडवायचो. सहा मुलांसाठी! त्याचे त्यांना जादा पैसे मिळाले असतील असं मला वाटत नाही.

आता नवं शैक्षणिक धोरण आलंय. राज्यात 2023 ला स्वायत्त कॉलेजांत, 2024 पासून बाकीच्या संलग्न कॉलेजांत. कागद वाचला तर डोळे भरून येतात. मायनर दुसऱ्या विद्याशाखेतला घेतला तरी चालतो, म्हणजे आर्ट्सच्या मुलीने गणित खुशाल घ्यावं. 18 ते 20 क्रेडिट. थिअरीच्या एका क्रेडिटचे 15 तास धरले तर पावणेतीनशे-तीनशे तास होतात. तीनशे तासांत माणूस काय काय शिकेल! पण ते कागदावर. खिडकीत आलात की 'वीस लागतात'.

आणि कॉम्प्युटरला माझा विरोध आहे असं कृपया कोणी समजू नका. गेली बावीस वर्षं मी त्यावरच पोट भरतोय. पण आमच्या भाचीने पहिल्या वर्षाला पायथॉन या कॉम्प्युटर लँग्वेजचा एक छोटा पेपर केला, तेव्हा काय झालं ते ऐका. कापरेकरांचा खेळ माहीत असेल, देवळालीच्या शाळेतले मास्तर ते. चार अंकी आकडा घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजा करा. उत्तराला परत तेच. 3524 घेतलात तर 5432 वजा 2345, आले 3087. पुढे 8730 वजा 0378, 8352. मग 8532 वजा 2358, 6174. एकदा 6174 आलं की गाडी तिथेच थांबते. कुठलाही आकडा घ्या, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच. पोरीने प्रोग्रॅम लिहिला, सगळे आकडे फिरवले आणि शिकवणाऱ्यांना विचारलं, "मधली सगळी उत्तरं नऊने का भागली जातात?" उत्तर मिळालं, "आउटपुट बरोबर आलंय ना? सबमिट कर."

त्या 'का'साठी तिला गणित हवंय. बाकी काही नाही.

जिमखान्यामागच्या खोलीत एकदा माझं गणित चुकलं होतं. उत्तर पुस्तकाशी जुळत होतं, तरी चुकलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना पुसून टाकलेलं. सरांनी खडू माझ्या हातात दिला आणि स्वतः कॅरम बोर्डाला टेकून उभे राहिले. वीस मिनिटं. एक अक्षर बोलले नाहीत. आजही एखादा रिपोर्ट बरोबर दिसतोय पण पोटात कुठेतरी खटकतंय, असं झालं की मला तो खडू आठवतो. कुठल्याही लँग्वेजच्या कोर्सने मला हे दिलेलं नाही.

बरं, कॉलेजचीही बाजू आहे, मान्य. मास्तर कुठून आणायचे? खिडकीतला तो माणूस नंतर बाहेर चहाच्या टपरीवर भेटला. तिथे वेगळाच वाटला. म्हणाला, "साहेब, मी स्वतः अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. गणिताला एक मॅडम आहेत, त्याही सीएचबीवर, म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे. चार पोरांसाठी तास लावला तर त्यांचं बिल कोण पास करणार?" मला राग धरता येईना. त्याने आमच्या चहाचे पैसेही देऊ दिले नाहीत.

'स्वयम'वर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर, करा म्हणतात. चाळीस टक्क्यांपर्यंत क्रेडिट तसे घेता येतात, हेही खरं. पण व्हिडिओ तुमच्या हातात खडू देत नाही हो.

खरा संताप मला आपला येतोय. होय, आपलाच. संध्याकाळी फॅमिली ग्रुपवर हे टाकलं तर पहिला रिप्लाय काय? 'बरं झालं, कॉम्प्युटरला स्कोप आहे.' दुसरा, 'आर्ट्सच्या मुलीला गणित कशाला?' अहो, आयएसआयला (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) अर्थशास्त्राच्या एम.एस.ची प्रवेश परीक्षा द्यायची तर गणिताचा पेपर असतो! आणि नसता तरी? आपणच पोरांना दहावीनंतर 'सुटलास एकदाचा गणितातून' म्हणून पेढे वाटतो, मग वीस नावं येणार कुठून? मी पण वाटलेत. माझ्या मुलाच्या वेळी. सरांना कळलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे.

असो. लिहिता लिहिता जरा शांत झालो.

भाची मात्र माझ्याइतकी चिडलेली नाही. घरी येताना म्हणाली, "मामा, उरलेल्या तिघांचे नंबर मिळवलेत मी. तू शिकवशील? क्रेडिट नाही मिळालं तरी चालेल." मी म्हटलं मला नऊला निघायचं असतं. तर म्हणाली, "मग सातला येतो ना आम्ही."

सत्तावीस वर्षांत मॅट्रिक्सला हात लावलेला नाही. जुनी वही माळ्यावरून काढलीय, अर्धी वाळवीने खाल्लीय. कुणाकडे फळा पडून असेल तर सांगा, रविवारी न्यायला येतो. कोपरा फुटका असला तरी चालेल.