‘दोन हजारांत हेडर’: फिरत्या मेसेजमधलं काय टिकतं, काय नाही

जुनी मारुती ८०० किंवा एस्टीम पार्किंगमध्ये उघडून बसलेल्या बडोद्यातल्या बहुतेकांकडे हल्ली एक मेसेज कुठून ना कुठून पोचतोच. त्याचा गोषवारा असा: कंपनीचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा ओतीव भाग, इंजिनाचा गळा दाबतो, तो काढून घरी हेडर, म्हणजे दर सिलिंडरला वेगळी नळी असलेला मॅनिफोल्ड, बनवला की वीस टक्के ताकद वाढते. पाइप जितका जाड तितका चांगला, मात्र इंजिनाला थोडं बॅकप्रेशर लागतंच, म्हणून शेवटी नळी बारीक ठेवा. चुंबक चिकटत नाही ते स्टील ३०४ ग्रेडचं स्टेनलेस, रेलिंगवाल्याकडून उचला, नाहीतर पाण्याचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप घ्या. वाळू भरून वाकवा, सहा मिलिमीटरच्या पट्टीचा फ्लँज (इंजिनाला नटांनी आवळायची प्लेट) करा, आर्क वेल्डिंगने जोडा, वर ग्लासफायबरची पट्टी गुंडाळा, ऑक्सिजन सेन्सरची वायर काढा. आरटीओवाले फक्त सायलेन्सर बघतात. एकूण खर्च दोन हजार.

घरी मॅनिफोल्ड बनवू नये असं मी म्हणणार नाही. बिडाला दोन पोर्टच्या (धूर बाहेर पडायच्या तोंडांच्या) मध्ये तडा गेलाय, तो धरणारे स्टड गंजून आतच तुटलेत, भंगारात मिळणाराही तसाच फुटका आहे, अशा वेळी नवा बनवणं हाच शहाणपणा. त्यासाठी बडोद्याइतकं सोयीचं गावही थोडंच सापडेल. कोयलीची रिफायनरी १९६५ पासून चालू आहे, नंदेसरीला केमिकलचे कारखाने, मकरपुरा जीआयडीसीत फॅब्रिकेशनची वर्कशॉप. पाइप जोडणं हा इथे हजारो लोकांचा पोटाचा धंदा आहे. त्यांच्यापैकी कुणालाही हा मेसेज दाखवा, तो पहिल्या चार ओळींतच हसायला लागेल.

आधी वीस टक्क्यांचं बघू. जुन्या ८०० चं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन साधारण ३७ बीएचपी देतं. वीस टक्के म्हणजे सात बीएचपीहून जास्त. कॅमशाफ्ट तोच, व्हॉल्व्ह तेवढेच, कार्ब्युरेटरचे जेट तेच, तर इंजिन एवढी जादा हवा आत घेणार कुठून? बाकी सगळं कंपनीचं ठेवून नुसता हेडर बदलला तर हाती लागतात ते दोन-चार टक्के, तेही वरच्या आरपीएमला, आणि तेही माप बरोबर आलं तर. शिवाय तीन सिलिंडरच्या इंजिनात एक्झॉस्टचे धक्के २४० अंशांच्या अंतराने येतात, त्यामुळे एकाचा धूर दुसऱ्याच्या वाटेत फारसा येतच नाही. चार सिलिंडरच्या एस्टीममध्ये धक्के १८० अंशांवर, तिथे १ आणि ४, २ आणि ३ अशा जोड्या करून चाराचे दोन, दोनाचा एक करण्याला अर्थ आहे. ८०० ला तोच नकाशा चिकटवणाऱ्याने इंजिन कधी उघडलेलं नसावं.

हेडर लावल्यावर गाडी पळायला लागली असं शपथेवर सांगणारे भेटतात. आवाज वाढला की तसं वाटतंच. खात्री करायची तर एकाच सपाट रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, ४० ते ८० ला किती सेकंद लागतात ते दोन्ही दिशांनी मोजा, बदलाच्या आधी आणि नंतर.

आता बॅकप्रेशर. मेसेजमधलं हे वाक्य आधीच्या वाक्याला स्वतःच खोटं पाडतं. जाड पाइप चांगला असेल तर शेवटी बारीक कशाला? बॅकप्रेशर म्हणजे पिस्टनला जळका वायू बाहेर ढकलताना होणारा विरोध, आणि तो कुठल्याच इंजिनाला नको असतो. हवा असतो तो वायूचा वेग. गैरसमज कसा जन्मतो तेही सांगतो. कुणीतरी फार जाड पाइप लावतो, खालच्या आरपीएमला गाडी ढिली पडते, पुन्हा बारीक लावला की सुधारते. निष्कर्ष निघतो: दाब लागतो. प्रत्यक्षात जाड पाइपात वायू मंदावलेला असतो, बारीक पाइपात त्याला पुन्हा वेग मिळतो. वेगाने गेलेला वायू मागे कमी दाब सोडून जातो, आणि एक्झॉस्ट व इनटेक दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर उघडे असतात तेव्हा तो कमी दाब नवं मिश्रण आत ओढायला मदत करतो.

आकड्यांत बघा. ८०० च्या एका सिलिंडरचं माप सुमारे २६५ सीसी. त्याला शेड्यूल-१० चा (हे पाइपच्या भिंतीच्या जाडीचं माप) सवा इंची पाइप, आतून ३६.६ मिलिमीटर, हाही सढळच झाला. मेसेजवाल्याच्या हौसेने दोन इंची लावलात तर आतलं माप ५४.८ होतं, क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं आणि वेग निम्म्याहून खाली येतो. हेडरचा सगळा फायदा तिथेच बुडाला.

लांबीबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, आणि खरी गंमत तर तिथे आहे. व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट पाइपमधून निघते. पाइप जिथे मोकळा होतो तिथे ती उलटते आणि कमी दाबाची लाट होऊन परत येते. तापलेल्या वायूत ती सेकंदाला साधारण ६०० मीटर जाते. नळी ८० सेंटिमीटर असेल तर जाऊन येऊन १.६ मीटर, म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात ५००० आरपीएमला क्रँक ८० अंश फिरतो, २५०० ला फक्त ४०. लाट दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असतानाच परत पोचली तर उपयोग, म्हणून कुठलीही एक लांबी आरपीएमच्या एका पट्ट्यातच कामाची असते. गाडी अलकापुरीच्या सिग्नलांवर चालवायची की हायवेवर, हे ठरवल्याशिवाय पाइपला करवत लावू नये.

चुंबकाची कसोटी हा मेसेजमधला सगळ्यात फसवा भाग, कारण ती पटते. रेलिंगसाठी मिळणारा स्वस्त पाइप बहुधा २०२ ग्रेडचा असतो. त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, आणि त्यालाही चुंबक चिकटत नाही. दुसरीकडे कारखान्यात बनणाऱ्या एक्झॉस्टमध्ये सर्रास वापरलं जातं ते ४०९, सुमारे ११ टक्के क्रोमियमचं, आणि त्याला चुंबक घट्ट चिकटतो. म्हणजे ही कसोटी नको ते निवडते आणि कामाचं फेकते. २०२ ओळखायचं तर बाजारात मँगनीज तपासायचं द्रावण मिळतं. थेंब टाकून नऊ व्होल्टची बॅटरी टेकवली की २०२ वर लाल रंग उमटतो. त्याहून पक्कं हवं असेल तर पीएमआयची गन (धातूत काय काय आहे ते सांगणारं यंत्र) असलेली माणसं या रिफायनरीच्या गावात सापडतात.

खरं ३०४ मिळालं तरी प्रश्न संपत नाही. भरधाव पेट्रोल इंजिनाच्या पोर्टपाशी वायू ७०० ते ९०० अंशांवर असतो. ३०४ साधारण ४२५ ते ८१५ अंशांच्या पट्ट्यात फार वेळ राहिलं तर कणांच्या कडांवर क्रोमियम कार्बाइड साचतं आणि तिथून ते गंजतं, तडकतं. त्यावर उपाय म्हणजे कमी कार्बनचं ३०४एल, किंवा टायटॅनियम घातलेलं ३२१. दुसरी अडचण प्रसरणाची. अर्धा मीटर नळी ६०० अंशांनी तापली तर ३०४ सुमारे साडेपाच मिलिमीटर लांबतं, माइल्ड स्टील चारच्या आसपास. लांबलेल्या नळीला सरकायला जागा नसेल तर ती वेल्ड फाडते. म्हणूनच कलेक्टरशी, म्हणजे सगळ्या नळ्या जिथे एकत्र येतात त्या भागाशी, नळ्या घट्ट न जोडता सरकता स्लिप जॉइंट ठेवतात आणि स्प्रिंगने धरतात.

मूळचे धुळ्याकडचे, मकरपुऱ्यात आयुष्य काढलेले एक वेल्डरकाका आहेत. रेलिंगच्या पाइपचा विषय काढला तर म्हणाले, “भाऊ, रेलिंगवर माणूस हात टेकतो. याच्यावर टेकून बघ.”

माझी पसंती जाड भिंतीच्या माइल्ड स्टीलच्या किंवा ३०४एलच्या शेड्यूल-१० एल्बोंना (तयार वळणांना). लाँग रेडियस एल्बोचा वळणाचा अर्धव्यास पाइपच्या मापाच्या दीडपट, म्हणजे सवा इंचीला सुमारे ४८ मिलिमीटर. ९० अंशांचे एल्बो घेऊन हवे तसे तुकडे कापायचे. भिंत २.७७ मिलिमीटर, त्यामुळे नवशिक्याच्या हातूनही लगेच भोक पडत नाही. भंगारात असे तुकडे मिळतात, पण एक विचारून घ्या: या पाइपमधून आधी काय वाहत होतं? केमिकल कारखान्यातून आलेला पाइप नीट धुतल्याशिवाय त्यावर टॉर्च धरायची नाही. उत्तर मिळालं नाही तर तो पाइप सोडून द्या.

जीआय पाइपबद्दल मात्र हसण्यासारखं काही नाही. त्यावरचं जस्त ४२० अंशांना वितळतं आणि ९०७ ला उकळतं, आणि वेल्डिंगचा आर्क त्याहून कितीतरी तापलेला असतो. त्या पांढऱ्या धुराने काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते, घसा सुकतो. एक-दोन दिवसांत उतरतं म्हणून लोक हलक्यात घेतात. वेल्डिंगनंतर दूध प्यायचा आपल्याकडचा रिवाज यावर काही करत नाही, धूर फुप्फुसात जातो आणि दूध पोटात. जीआय वापरू नका, एवढंच.

वाळू भरून वाकवण्याची रीत जुनी आणि खरी आहे. पण वाळू कढईत भाजून पार कोरडी केलेली हवी. ओलसर वाळू भरून दोन्ही टोकं ठोकून बंद केली आणि पाइप तापवला तर आत वाफ कोंडते आणि बूच गोळीसारखं सुटतं. आणि मॅनिफोल्डला लागतात तशी आखूड वळणं या रीतीने गोल राहत नाहीत, चपटी होतात.

फ्लँज सहा मिलिमीटरचा केलात तर वेल्डिंगच्या उष्णतेने तो केळीसारखा वाकेल. दहा-बारा मिलिमीटरची प्लेट घ्या, गॅस्केटवरून नकाशा काढून लेझरने कापून घ्या. मग भंगारातलं एखादं निकामी हेड शोधा, फ्लँज त्यावर नटांनी आवळा आणि सगळ्या नळ्या आधी नुसत्या टॅक करा, म्हणजे वेल्डचे ठिपके देऊन तात्पुरत्या धरा. गाडीवर लावून बघा: स्टार्टर, डिपस्टिक, स्टिअरिंगचा रॉड, पाना जाईल अशी नटाभोवतीची जागा. ही पायरी घाईत उरकली की पुढे प्रत्येक नटासाठी पाना घासून बारीक करावा लागतो. पूर्ण वेल्ड करताना एका पोर्टवर दोन-अडीच सेंटिमीटर, मग लांबच्या पोर्टवर तेवढंच, मध्ये थंड होऊ द्यायचं. इतकं करूनही सोडल्यावर तो थोडा वाकतोच. शेवटी तोंड मशीनवर सपाट करून घ्या, सरळपट्टी ठेवून फीलर गेजचं ०.१ मिलिमीटरचं पान कुठे शिरतं का ते बघा, आणि पोर्टांच्या मधला फ्लँज करवतीने कापून मोकळा करा, म्हणजे तापल्यावर स्टड ताणले जात नाहीत.

आर्क वेल्डिंगने जाड माइल्ड स्टील जोडता येतं, कसबी हात असेल तर उत्तम येतं. स्टेनलेसला मात्र आर्गन वायूच्या आडोशातलं वेल्डिंगच. त्यातही बाहेरून आर्गन पुरत नाही, नळीच्या आतूनही सोडावा लागतो. नाहीतर मुळाशी काळे खरबरीत दाणे येतात, आणि तडा तिथूनच सुरू होतो. टोकांना ॲल्युमिनियमची टेप लावून एक बारीक भोक ठेवलं की काम होतं. ३०४एलला ३०८एलची रॉड, स्टेनलेस नळी माइल्ड स्टीलच्या फ्लँजला जोडायची तर ३०९एल. आर्गन हवेपेक्षा जड असतो, बंद गॅरेजमध्ये खाली साचतो, तेव्हा शटर उघडं ठेवा. दोन हजारांचा हिशेब तेव्हाच जमतो जेव्हा हा आर्गन, फ्लँजचं कटिंग आणि शेवटचं मशीनिंग तिन्ही फुकट धरले जातात.

ग्लासफायबरची पट्टी बॉनेटखालची उष्णता खरंच कमी करते. ती उष्णता मग धातूतच कोंडते. माइल्ड स्टीलची त्याने पापुद्रे निघून चाळण होते, आणि पावसाळ्यात पट्टी पाणी धरून ठेवते ते वेगळंच. वायरिंगजवळ पत्र्याचा आडोसा करणं बरं.

ऑक्सिजन सेन्सरची गोष्ट एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाल्या गाड्यांची, कार्ब्युरेटरवाल्या ८०० ला तो नसतोच. वायर काढली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) आंधळेपणाने ठरावीक हिशेबाने पेट्रोल सोडतो, दिवा लागतो, ॲव्हरेज पडतं. सेन्सर ठेवला पण त्याच्या आधी कुठे वेल्डमधून गळती असली, तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी आहे असं वाटतं आणि ईसीयू उगाच जास्त पेट्रोल देतो. सेन्सर बसायची बुशिंग कलेक्टरवर, सगळ्या नळ्या एकत्र आल्यावर बसवा, आणि वरच्या बाजूला तिरपी, म्हणजे पाणी त्यात साचणार नाही. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनापासून फार लांब नेऊ नका, तो २५०-३०० अंशांना तापेपर्यंत कामाला लागत नाही.

आणि आरटीओ. मॅनिफोल्ड आरसी बुकात लिहिलेला नसतो हे खरं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) आवाज आणि धूर दोन्ही बघतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स तीन महिने जातं. पंधरा वर्षांनंतर नोंदणी वाढवायला गाडी तपासणीला न्यावी लागते, तिथे बॉनेट उघडतं. त्यामुळे कन्व्हर्टर आणि सायलेन्सर मूळचे ठेवा, जुना मॅनिफोल्ड फुटका असला तरी टाकू नका.

बसवल्यावर इंजिन थंड असतानाच गळती तपासा. व्हॅक्यूम क्लीनरची हवा सोडणारी बाजू चिंध्या लावून सायलेन्सरच्या तोंडात खोचा आणि प्रत्येक वेल्डवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे जिथे येतील तिथे खूण करा, पाइप काढून ती जागा घासून पुन्हा वेल्ड करा, वरून थापू नका. पहिल्यांदा नीट तापवून पूर्ण गार झाल्यावर सगळे नट मधल्यापासून कडांकडे पुन्हा आवळा.