मी कुठे ओढतो?

पहिल्या वर्षाला पुण्यात आला आहेस, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. सिगारेटचं पाकीट कधी विकत घेऊ नकोस. पाकीट घेतो तो स्मोकर. टपरीवर चहाबरोबर एक काडी घेतो, तो नुसता मित्रांबरोबर उभा असतो. हा फरक पक्का झाला की पुढची तीन वर्षं "मी कुठे ओढतो?" असं छातीवर हात ठेवून म्हणता येतं. म्हणताना फक्त खोकायचं नाही.

सुटी काडी घेण्यात आणखी एक सोय आहे. पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर अंगावर काटा आणणारा फोटो असतो आणि सोडायची असेल तर म्हणून १८००-११-२३५६ हा फुकटचा नंबर. तो फोटो दिवसभर बघत बसणं हे टपरीवाल्याचं काम. तुझ्या हातात येते ती पांढरीशुभ्र, निष्पाप काडी. ही पळवाट बुजवायला महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट-बिडी विकायला बंदी घातली. बातमी टपरीपर्यंत अजून पोचायची आहे. कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, हा कायदा तर २००३ चा, तोही वाटेतच असेल. शिवाय पुण्यात यार्ड म्हटलं की मार्केट यार्ड, आणि ते आपल्या गेटपासून चांगलंच लांब आहे.

लायटरही घ्यायचा नाही. टपरीच्या खांबाला नायलॉनच्या दोरीने बांधलेला असतो. दोरी मुद्दाम आखूड ठेवलेली, त्यामुळे मान झुकवावीच लागते. मोर्चात कुणापुढे न झुकणारा आमचा विद्यार्थी नेता तिथे दिवसातून सहा वेळा झुकतो, आणि त्याच्या मागे नंबर लावून प्राध्यापक उभे असतात. पैसे फोनवरून बिनधास्त दे. क्यूआर कोडवर टपरीचं नाव 'जनरल स्टोअर्स' आहे. बाबांना वाटेल, पोरगा वह्या फार वापरतो.

हिशेबाचा नियम सोपा आहे: मित्राच्या काडीचे दोन कश मित्राच्या खात्यात. परीक्षेच्या आठवड्यातल्या काड्या विद्यापीठाच्या खात्यात.

वेपला, म्हणजे ई-सिगारेटला, तर हिशेबच नाही. काडी निदान बोटाला चटका देऊन संपल्याचं कळवते. वेप चार्जिंगला लावला की पुन्हा सुरू. आत निकोटिनच, पण दिसायला पेन ड्राइव्ह, त्यामुळे अभ्यासाचीच वस्तू वाटते. वास आंब्याचा. रेक्टर खोलीत आले तर डिसेंबरात हापूस कुठून आला एवढंच विचारतील. २०१९ च्या कायद्याने ही वस्तू बनवायला, आयात करायला, विकायला, साठवायला, जाहिरात करायला बंदी आहे. विकणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तुझ्या हातातली ही वस्तू कुणी बनवली नाही, कुणी आणली नाही, कुणी विकली नाही. साक्षात स्वयंभू! आतल्या द्रवात काय काय आहे असं विचारू नये. स्वयंभू देवाला कुणी कारखान्याचा पत्ता विचारतं का?

दिवाळीला घरी गेलास की मात्र थोडी पंचाईत होईल. गावातला प्रत्येक टपरीवाला बाबांना ओळखतो, एक एसटी स्टँडमागचा सोडून. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकं ठणकेल, धाकट्या बहिणीवर उगाच खेकसशील. प्रवासाचा शीण म्हणून सांग. मग पिशवी उचल आणि कोथिंबीर आणायला निघ. जाऊन-येऊन पाऊण तास. आई शेजारच्या काकूंना सांगेल, "पुण्याला गेल्यापासून कामाला नाही म्हणत नाही हो!" संध्याकाळी पुन्हा निघ. ओट्यावर तीन जुड्या पडल्यात रे, असं ती म्हणाली, तर पुदिना आणतो म्हण.