सीईटीचा पर्सेंटाइल म्हणजे हुशारी नव्हे

पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपांवर सीईटीबद्दल, म्हणजे महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘बारावीच्या मार्कांना आता किंमत नाही. सीईटी सगळ्यांना एकच मोजपट्टी लावते, हुशारी तिथंच कळते. बोर्डात नुसतं पास व्हा.’ मी अकरावी-बारावीला गणित शिकवतो. हा मेसेज मुलांनी मनावर घेतलेला मला वर्गात दिसतो, म्हणून लिहितोय.

‘नुसतं पास व्हा’ हे आधी खोडतो, कारण त्यात मुलाचं वर्ष जाऊ शकतं. पास व्हायला ३५ टक्के पुरतात, पण इंजिनिअरिंगच्या पात्रतेला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स मिळून) खुल्या गटात ४५ आणि राखीव गटात ४० टक्के लागतात. ३८ टक्केवाल्याला ९९ पर्सेंटाइल असला तरी सीओईपीचं, पुण्यातल्या नामांकित सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचं, दार बंदच.

‘एकच मोजपट्टी’ही नाही. परीक्षा अनेक शिफ्टमध्ये होते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा, म्हणून तर पर्सेंटाइल काढावा लागतो. शिफ्टला २०,००० मुलं बसली आणि १८,००० जणांचे गुण तुमच्याइतके किंवा कमी असले, की तुमचा पर्सेंटाइल ९०. तुम्ही कितव्या जागी आहात ते यातून कळतं. विषय किती येतो, ते नाही.

आता हुशारीचं. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. एका प्रश्नाला १०८ सेकंद, आणि चुकलं तरी गुण कापत नाहीत. इंटिग्रेशन म्हणजे डेरिव्हेटिव्हची उलटी क्रिया. तिचा प्रश्न आला की क्लासमध्ये शिकवतात तसं मुलं चारही पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढून जुळवतात. उत्तर बरोबर येतं, पण सब्स्टिट्यूशन कुठलं घ्यायचं, म्हणजे काय बदलून गणित सोपं करायचं, हे त्या मुलाला सुचलेलंच नसतं. बोर्डाच्या पेपरात पर्यायांचा आधार फारच थोड्या प्रश्नांना असतो, बाकी सगळ्या पायऱ्या लिहाव्या लागतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी एम-वनला, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरला, नेमकं हेच लागतं. इंटिग्रेटेड बॅचमधली, म्हणजे कॉलेजात फक्त नाव असलेली आणि शिकायला क्लासमध्येच बसणारी मुलं तिथं अडखळतात, तेव्हा मला वाईट वाटतं. ती मुलं मठ्ठ नसतात, त्यांच्याकडून लिहून घेतलेलंच नसतं.

बोर्डाच्या मार्कांतही खोट आहे, हे मान्य. देशपातळीवरच्या जेईई मेन या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेने २०१३ ते २०१६ बारावीला ४० टक्के वजन दिलं आणि २०१७ पासून काढलं. वेगवेगळ्या बोर्डांचे गुण एका तराजूत तोलणं सोपं नाही. पण तमिळनाडू २००७ पासून इंजिनिअरिंगचे प्रवेश बारावीच्या गुणांवरच देतं. आपल्याकडे सीईटी राहू द्या, तिच्या जोडीला बोर्डाच्या गणिताच्या लेखी पेपराचे ८० गुण धरा. प्रॅक्टिकलचे २० सढळ हातानं दिले जातात, ते खुशाल वगळा.