एल्फिन्स्टन एक नव्हे, तीन

‘पेशवाई बुडवणारे लॉर्ड एल्फिन्स्टन पुढे काबूलला गेले, तिथे फौज गमावली, मुंबईत येऊन पहिली रेल्वे सुरू केली, सत्तावनचा उठाव मोडला. एल्फिन्स्टन कॉलेज आणि एल्फिन्स्टन रोड स्टेशन, दोन्ही त्यांच्याच नावाची.’ अशा अर्थाचा मजकूर व्हॉट्सअॅपवर हातोहात फिरतो आहे. त्यात तीन माणसांचं आयुष्य एकाच्या गळ्यात बांधलं आहे.

पेशवाई बुडाली तेव्हाचा एल्फिन्स्टन म्हणजे माउंटस्टुअर्ट. १८११ पासून तो पुण्यात रेसिडेंट, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी होता. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, त्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी जळाली आणि त्याचा ग्रंथसंग्रहही गेला. १८१९ ते १८२७ तो मुंबईचा गव्हर्नर होता. पण ‘लॉर्ड’ तो कधीच नव्हता. अकराव्या लॉर्ड एल्फिन्स्टनचा तो धाकट्या मुलांपैकी एक; किताब थोरल्या भावाकडे गेला. घोळ सुरू होतो तो या एका शब्दापासून.

काबूलची गोष्ट तर मला सर्वांत जास्त खटकते. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजार बुणगे (फौजेमागचे नोकरचाकर) यांची वाताहत झाली. त्या फौजेचा सेनापती होता जनरल विल्यम एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्टचा चुलतभाऊ. तो त्याच वर्षी अफगाणांच्या कैदेत वारला. माउंटस्टुअर्ट इंग्रजांचा दूत म्हणून १८०९ मध्ये अफगाण बादशहा शाह शुजाला भेटला, तेही पेशावरला. पुढे त्याच शुजाला गादीवर बसवायला इंग्रज निघाले, तेव्हा कंदाहार-काबूल घेता येईल, पण त्या गरीब, थंड, दूरच्या मुलुखात त्याला टिकवून धरणं अशक्य आहे, असं माउंटस्टुअर्टने पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. ज्याने आधी सावध केलं, त्याच्याच माथी ते अपयश मारणं हा सरळ अन्याय आहे.

रेल्वेचं श्रेय तिघांपैकी कोणाचंच नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर-ठाणे गाडी धावली, तेव्हा गव्हर्नर होता लॉर्ड फॉकलंड.

त्याच वर्षी डिसेंबरात आला तो जॉन, तेरावा लॉर्ड एल्फिन्स्टन, माउंटस्टुअर्टचा सख्खा पुतण्या. सत्तावन साली गव्हर्नर हाच. मुंबईच्या मैदानावर दोन शिपायांना तोफेच्या तोंडी दिलं गेलं ते याच्या कारकिर्दीत, आणि मुंबई विद्यापीठाचा पहिला कुलपतीही हाच. काका तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांचा, इंग्लंडात. १८२७ मध्ये इथून गेलेला तो पुन्हा हिंदुस्थानात आलाच नाही.

आता नावं. स्टेशन पुतण्याचं, २०१८ पासून ते प्रभादेवी झालं. एल्फिन्स्टन सर्कलही पुतण्याचंच, आज आपण त्याला हॉर्निमन सर्कल म्हणतो. कॉलेज मात्र काकाच्या नावाचं. माउंटस्टुअर्ट निघाला तेव्हा मुंबईकरांनी त्याच्या स्मरणार्थ शिक्षणासाठी दोन लाखांवर रुपये जमवले, त्यातून ते उभं राहिलं. स्टेशन आणि कॉलेज एकाच माणसाचं मानलं की या वर्गणीची गोष्ट पुसली जाते. याच कॉलेजात दादाभाई नौरोजी शिकले आणि प्राध्यापक झाले.

शंका असेल त्याने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये जावं. तिथे काका-पुतण्यांचे दोन वेगवेगळे पुतळे आहेत.