आधी कागदावर लिहून द्या

दिवाळीत सेलूला गेले होते तेव्हा आमच्या ओसरीवर अण्णा आणि मामा यांची तीन दिवस वादावादी चालली. विषय मराठवाड्यात घरोघरी आहे: झेडपीच्या शिक्षकानं शाळेच्या गावात, म्हणजे मुख्यालयी राहायचं की नाही, आणि त्याची हजेरी मशीनवर घ्यायची की नाही. गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी २०२२ मध्ये गावात न राहता घरभाडे भत्ता उचलणाऱ्या शिक्षकांचा मुद्दा विधानसभेत मांडला आणि शिक्षक रस्त्यावर उतरले, तेव्हापासून तो निवलेला नाही. मामा माजी सरपंच. ते म्हणाले, "मास्तर अपडाऊन करतो. शाळा उघडायला अकरा वाजतात आन चारच्या येष्टीसाठी साडेतीनलाच घंटा होते. थंब लावा, सगळे वठणीवर येतील." अण्णा चौतीस वर्षं झेडपीचे शिक्षक. त्यातली चौदा वर्षं ते जिंतूर तालुक्यातल्या एका तांड्यावर राहिले, उरलेली वीस सेलूहून ये-जा केली. ते म्हणाले, "पहारा बसवला की माणूस पहाऱ्यापुरतं काम करतो. मशीनला अंगठा दिसतो, फळा दिसत नाही."

दोघांकडे किस्से भरपूर होते. दुसऱ्याचं म्हणणं खोडून काढेल असं मात्र एकाकडेही काही नव्हतं.

मी अकरा वर्षांपासून नेदरलँड्समध्ये, उत्रेख्तला असते. माणसं संस्थांमध्ये कशी वागतात, कशानं मन लावून काम करतात आणि कशानं अंग चोरतात, हे अभ्यासणं माझं काम. अण्णा आणि मामा ओसरीवर जे बोलत होते ते आमच्या विषयातले दोन जुने सिद्धांत आहेत. एक म्हणतो देखरेख आणि पैसा, दुसरा म्हणतो माणसाची आतली ओढ. दोन्हींच्या बाजूनं कपाटं भरतील एवढे लेख आहेत. दोघांना एकाच मैदानात उतरवून निकाल लावल्याची उदाहरणं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यातलं एक मला फार जवळचं आहे.

गॅरी लेथम आणि मिरियम एरेझ हे दोघे संशोधक. प्रश्न असा की कामगाराला उद्दिष्ट साहेबानं ठरवून द्यावं की कामगाराला सोबत बसवून ठरवावं. लेथम यांच्या प्रयोगांत काही फरक पडत नव्हता. एरेझ यांच्या प्रयोगांत सोबत बसवलं की काम चांगलं होत होतं. एरवी दोघांनी जन्मभर एकमेकांवर लेख लिहिले असते. त्यांनी वेगळं केलं. दोघांचेही स्नेही असलेल्या एडविन लॉक यांना मध्यस्थ घेतलं आणि तिघांनी मिळून नवे प्रयोग आखले. ते १९८८ मध्ये छापून आले. निघालं काय, तर दोघंही 'उद्दिष्ट ठरवून दिलं' हेच शब्द लिहीत होते, पण लेथम यांच्याकडे ते कारण सांगून, समजावून दिलं जायचं आणि एरेझ यांच्याकडे एका वाक्यात, हुकूम सोडल्यासारखं. फरकाचं मुख्य मूळ तिथं होतं. इतक्या वर्षांच्या वादाची गाठ सांगण्याच्या सुरात होती.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला अण्णांच्या शाळेतली परिपत्रकांची फाईल आठवली. जवळजवळ प्रत्येक कागदाच्या शेवटी तेच वाक्य: हयगय केल्यास शिस्तभंगाची कारवाई करण्यात येईल. झाडं लावा, त्यातही कारवाई. पोषण आहाराची माहिती भरा, त्यातही कारवाई. अण्णा ते वाक्य मुख्याध्यापकांच्या खोलीत मोठ्यानं वाचायचे आणि सही करून पुढं सरकवायचे. मशीनच्या वादात हा सूर कुणी मोजत नाही. मशीन लावलं की नाही, एवढंच विचारतात.

आपल्याकडे वाद मिटवायचा एक ठरलेला मार्ग आहे, त्याचं नाव 'पॅटर्न'. परीक्षेच्या निकालांचा लातूर पॅटर्न, पाणलोटाचा कडवंची पॅटर्न, नाले खोल करून पाणी मुरवण्याचा शिरपूर पॅटर्न. एका ठिकाणी काहीतरी जमलं की लगेच 'जिल्हाभर राबवा'. मला या शब्दाचा अभिमानही वाटतो, कारण तो लातूरनं कष्टानं कमावलेला आहे. पण तिथले निकाल शिकवण्याच्या पद्धतीमुळे लागले, की राज्यभरातली हुशार लेकरं तिथं येऊ लागली म्हणून लागले, हे वेगळं करून बघितल्याशिवाय त्याची शाखा हिंगोलीत उघडणं म्हणजे पाटी तेवढी उचलून नेणं. शिरपूर तापीच्या खोऱ्यात, तिथं गाळाच्या जाड थरांचा मोठा पट्टा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी खाली काळा कातळ. तोच नाला तेवढाच खोल केला म्हणून तेवढंच पाणी मुरेल का, हे आधी विचारायला हवं होतं. नक्कल करणारा जमलेलं धरून चालतो. पडताळा घेणाऱ्याला ते खरंच त्याच कारणानं जमलं का, ते बघायचं असतं.

हजेरीच्या मशीनबाबत तर हा पडताळा उदयपूरला झालेलासुद्धा आहे. सेवा मंदिर ही संस्था तिथल्या आदिवासी भागात एकशिक्षकी शाळा चालवायची. अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी काही शाळांतल्या शिक्षकांना कॅमेरे दिले. सकाळी आणि सुटताना एका मुलानं गुरुजींचा वर्गासोबत फोटो काढायचा, त्यावर तारीख-वेळ उमटायची, आणि जितके दिवस भरले तितका पगार. गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली. लेकरांचे गुणही सुधारले. मामा जिंकले म्हणायचे!

पण पुढं त्याच जिल्ह्यात, त्याच संस्थेसोबत, सरकारी आरोग्य केंद्रांतल्या नर्सबाईंवर तसाच प्रयोग झाला. हजेरीचा शिक्का मारणारं यंत्र, गैरहजेरीला पगारकपात. पहिले सहा महिने हजेरी चांगलीच वाढली. मग आरोग्य खात्यानंच 'सूट दिलेले दिवस' वाढवत नेले. बैठक आहे, सर्वेक्षण आहे, मशीन बंद आहे. सोळा महिन्यांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरकच उरला नाही. केनियात करारावरच्या शिक्षकांचं असंच झालं. स्वयंसेवी संस्थेनं नेमले तिथं मुलांची प्रगती दिसली, सरकारनं तीच योजना राबवली तिथं शून्य.

मग अण्णा बरोबर का? तेही नाही. नर्सबाईंच्या हजेरीत अण्णा म्हणतात ती आतली ओढही दिसली नाही. दिसलं ते तिसरंच, जे ओसरीवर कुणी बोललं नव्हतं: यंत्र चालेल की नाही हे यंत्राच्या वर बसलेला माणूस ठरवतो. उदयपूरचा पहिला प्रयोग वाचून थांबलो असतो तर हे कधीच कळलं नसतं. त्यासाठी तो दुसऱ्या खात्यात पुन्हा करावा लागला.

'पुन्हा करणं' हीच आपल्याकडे कमीपणाची गोष्ट. इकडे येण्याआधी मराठवाड्यातल्याच एका विद्यापीठात मी पीएचडीचा विषय मांडला होता: एका जुन्या अभ्यासाचे निष्कर्ष वाळूजच्या कारखान्यांत टिकतात का. समितीतून एकच प्रश्न आला, "यात नवीन काय?" विषय नाकारला गेला. त्याच वर्षी मान्य झालेल्या दुसऱ्या एका प्रबंधाच्या प्रश्नावल्या कशा भरल्या गेल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कारखान्याच्या गेटवर ओळखीच्या सुपरवायझरच्या हाती गठ्ठा दिला, संध्याकाळी परत आला. शंभर कागद, एकाच निळ्या पेनाची टिक, सरसकट 'सहमत'च्या रकान्यात. शेवटी 'गृहीतक सिद्ध झाले'. आपल्याकडच्या प्रबंधांत गृहीतक खोटं ठरल्याचं मला फारसं आठवत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण ती मुलं बुद्धीनं कुठंच कमी नव्हती.

इकडे सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. तिलबर्ग विद्यापीठातले नामांकित प्राध्यापक डीडरिक स्टापेल शाळांतून प्रश्नावल्या भरून आणल्याचं सांगायचे आणि आकडे स्वतः रचायचे. २०११ मध्ये तीन तरुण संशोधकांनी धाडस करून तोंड उघडलं, पुढं स्टापेल यांचे पन्नासहून जास्त लेख मागं घेतले गेले. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत ठोस परिणाम मिळाल्याचा दावा होता, पुन्हा करताना तो जेमतेम ३६ टक्क्यांत मिळाला. फरक पडला तो नंतर. २०१६ मध्ये इथल्या राष्ट्रीय विज्ञान-निधी संस्थेनं फक्त जुने अभ्यास पुन्हा करण्यासाठी ३० लाख युरो बाजूला काढले. काही नियतकालिकं तर आता निकाल येण्याआधीच, आराखडा बघून लेख स्वीकारतात. काय दिसलं तर माझं म्हणणं चुकलं, हे आधी लिहून द्यायचं. निकाल हवा तसा आला नाही तरी लेख छापतात.

हे मराठवाड्यात करायला युरो लागत नाहीत. आपल्याकडे आठ जिल्हा परिषदा आहेत, शेकडो शाळांचे तालुके आहेत, आणि कुठलंही मशीन एका दिवसात सगळीकडे पोचत नाहीच. मग कुठं आधी लावायचं ते पुढाऱ्याच्या फोनवर ठरवण्यापेक्षा चिठ्ठ्या टाकून ठरवा. शाळांच्या काही केंद्रांत मशीन, काहींत मशीनसोबत कारण समजावणारी बैठक, काहींत मुख्यालयी राहण्यासाठी धड खोली, संडास आणि पाणी, काहींत जसं आहे तसं. सूट दिलेल्या दिवसांची नोंद सीईओंच्या कार्यालयाबाहेर लावा. आणि चिठ्ठ्या उघडण्याआधी शिक्षक संघटना आणि प्रशासन, दोघांनी आपला अंदाज लिहून, सही करून एकाच पाकिटात ठेवावा. दोघांना चालेल असा लॉकसारखा मध्यस्थ आपल्याकडे सापडणार नाही, असं मला वाटत नाही. दोन वर्षांनी लेकरांचं वाचन तपासा.

निघायच्या आदल्या रात्री मी दोघांपुढं एकेक कागद ठेवला. मामांनी लगेच लिहिलं: मशीन लावलेल्या शाळेत सहा महिन्यांत गैरहजेरी निम्मी होईल, नाही झाली तर मी चूक. अण्णांनी वेळ घेतला. चष्मा पुसला, दोनदा खोडलं. मग त्यांच्या त्या वळणदार अक्षरात लिहिलं: मशीन लावलेल्या शाळेत हजेरी वाढेल, पण तिसरीच्या लेकरांचं वाचन वाढणार नाही. वाढलं, तर माझी शेवटची वीस वर्षं मी तांड्यावरच राहायला हवं होतं.

दोन्ही कागद मी सोबत आणले आहेत. एखादी जिल्हा परिषद तयार असेल तर परत पाठवीन.