टाचेखालची ती वीट आधी बाजूला ठेवा

कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवाल्यांच्या ग्रुपवरून निघालेला मेसेज फिरत फिरत शुगर असलेल्या मावशीपर्यंत पोहोचला, म्हणून हे लिहिणं आलं. मेसेज असा: ओल्या पायाचा ठसा पूर्ण उमटला की पाय सपाट; सपाट पायामुळे गुडघा, कंबर, मान सगळं दुखतं; टाच दुखते ती आत वाढलेल्या हाडाच्या काट्याने. उपाय? तापलेल्या विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेका आणि रोज दगडगोट्यांवर अनवाणी चाला, 'शुगरवाल्यांनी तर नक्कीच'.

शेवटचं आधी. मधुमेहात तळवे बधिर होऊ शकतात. तपासताना 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात. तो ज्याला जाणवत नाही, त्याला वीट किती तापलीय हे काय कळणार? फोड येतो, दुखत नाही म्हणून कोणी बघत नाही, आणि जखम चिघळल्यावर धावाधाव. अशा माणसाने घरातही चप्पल घालावी, रात्री आरसा धरून तळवे बघावेत. (रुईचा चीक कातडीला झोंबतो, ते निराळंच.)

काट्याचं म्हणाल तर एक्स-रेत काटा दिसणारे कितीतरी लोक मजेत चालतात. बहुतेकदा दुखतो तो टाचेच्या हाडापासून बोटांकडे गेलेला जाड पट्टा, प्लांटर फॅसिया. सकाळचं पहिलं पाऊल म्हणूनच जीव काढतं. यावरचा व्यायाम कंटाळवाणा आहे. पायरीच्या कडेवर चवडा, बोटांखाली पंच्याची गुंडाळी, टाच मागे अधांतरी. एका पायावर 3 सेकंदांत वर, 2 सेकंद थांबायचं, 3 सेकंदांत खाली. असं 12 वेळा, 3 फेऱ्या, एक दिवसाआड. सोपं वाटलं की पाठीला पुस्तकं भरलेली सॅक. लोक नेमकी गुंडाळीच गाळतात. बोटं वर वळली की पट्टा ताणला जातो, भार हवा तिथे पडतो. नाहीतर नुसती पोटरी दमते. तीन महिने तरी धीर धरा.

आता सपाट पाय. अमेरिकी पायदळातल्या 246 नव्या जवानांच्या पायांची मापं घेऊन प्रशिक्षणातल्या दुखापती मोजल्या, 1993 चा अभ्यास. सर्वांत सपाट पायवाल्यांना दुखापती सर्वांत कमी, उंच कमानवाल्यांना जास्त! पाऊल आत कलंडलं की नडगीही आत वळते आणि गुडघ्याला ते जाणवू शकतं, एवढं मान्य. पण म्हणून थेट मान?

ठसे काढण्यापेक्षा चवड्यांवर उभे राहा. कमान उठली, टाच आत वळली आणि दुखत काही नसेल, तर पायाला काहीही करू नका. एकच पाय अलीकडे सपाट झाला असेल, घोट्याच्या आतल्या बाजूला सूज असेल, त्या एका पायावर टाच उचलत नसेल, तर मात्र अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तिथे ठशाचा फोटो ग्रुपवर टाकून भागणार नाही.